बाळाचा घरगुती साबण: तेलं कशी निवडायची, किती घ्यायची

घरी बाळासाठी साबण करायचं मनात आलं की यादीत पहिलं नाव येतं बदाम तेलाचं. मग केशर, मध, हळद, दूध. यातल्या कशानेच साबण सौम्य होत नाही. तो सौम्य होतो कुठलं तेल किती प्रमाणात घेतलं यावरून, आणि काय काय मुद्दाम घातलं नाही यावरून. मुंबईत सहज मिळणाऱ्या तेलांतून बाळाच्या अंगाला चालेल असा साबण कसा जुळवायचा, हे कधीच साबण न केलेल्या आईबाबांसाठी इथे लिहिते आहे. कृतीपेक्षा तेलांवर जास्त बोलणार आहे, कारण कृती दोन वेळा केली की हातात बसते. तेलांची निवड चुकली तर मात्र कितीही छान घोटलेला साबण बाळाची कातडी ओढून धरतो.

आधी बाळाचं वय बघा

तान्ह्या बाळाला साबणाची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटना तर पहिली आंघोळच जन्मानंतर किमान २४ तासांनी घालायला सांगते. जन्मतः बाळाच्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप, ७ च्या आसपास असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो ५ ते ५.५ कडे उतरतो. हा किंचित आम्लधर्मी थर म्हणजे बाळाचं पहिलं कवच. उलट कुठलाही खरा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ९ ते १०. घरचा असो की कारखान्यातला, यात फरक नाही. ‘पीएच ५.५’ लिहिलेली वडी दिसली तर ती साबणाची नसते, सिंडेटची, म्हणजे कृत्रिम डिटर्जंटची असते. ते रसायनच वेगळं. लिंबाचा रस पिळून घरच्या साबणाचा पीएच तिथवर आणता येत नाही. आम्ल घातलं की ते आधी कॉस्टिक, म्हणजे साबण करायला लागणारा तीव्र सोडा, खातं, आणि जास्त झालं तर तयार साबणच फोडून टाकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिले सहा महिने कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. मालिश करायला येणाऱ्या मावशी म्हणतील, ‘अगं, तेल कसं निघणार?’ थोडं तेल अंगावर राहिलं तर काही बिघडत नाही. लंगोटाची जागा, मानेच्या आणि काखेच्या वळ्या तेवढ्या नीट पुसा. डाळीचं पीठ खसाखसा चोळणंही नको, त्याने कातडी खरवडली जाते. बाळ रांगायला लागलं, फरशी पुसत फिरायला लागलं, की साबणाची वेळ आली. आणि बाळाला इसब असेल, त्वचा फुटत असेल, तर घरचा साबण बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना विचारा. अशा त्वचेला बहुधा सिंडेटच बरं पडतं, हे साबण करण्याची आवड असूनही मी मान्य करते.

तेलाचा साबण होतो म्हणजे काय

प्रत्येक तेल किंवा तूप हे मेदाम्लांचं मिश्रण असतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याशी ते भेटलं की मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. घरच्या साबणात ते ग्लिसरीन वडीतच राहतं. आता तेलाचं नाव बाजूला ठेवा आणि त्यात कुठलं मेदाम्ल आहे ते बघा, सगळं सोपं होईल.

लॉरिक आणि मिरिस्टिक ही दोन आम्लं भरपूर फेस देतात आणि मळ ओढून काढतात. मळाबरोबर त्वचेचा स्वतःचा स्निग्धपणाही ओढतात. पामिटिक आणि स्टिअरिक वडीला कडकपणा देतात, फेस दाट आणि मलईसारखा करतात. ओलिक मऊ असतं, फेस कमी, पण त्वचेला न दुखावणारं. लिनोलिक वडी मऊ ठेवतं आणि लवकर खवट होतं. रिसिनोलिक फक्त एरंडेलात भरघोस असतं, ते फेस टिकवतं आणि ओलावा धरून ठेवतं.

बाळाच्या साबणाचं सूत्र यावरून आपोआप निघतं: ओलिक भरपूर, लॉरिक-मिरिस्टिक कमी, वडी उभी राहील इतकं स्टिअरिक, आणि लिनोलिक शक्य तितकं थोडं. फेस कमी येईल. येऊ द्या. फेसाचा आणि स्वच्छतेचा फारसा संबंध नाही, फेस आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठी असतो.

खोबरेल: हवंच, पण बेताने

आपल्याकडे खोबरेल म्हणजे सौम्यपणाची खात्री. डोक्याला, अंगाला, बाळाच्या टाळूला, सगळीकडे तेच. तेल म्हणून लावताना ते ठीकच आहे. पण साबण झाल्यावर तेल तेल राहत नाही. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आणि त्यावर आणखी १८-१९ टक्के मिरिस्टिक असतं, त्यामुळे शुद्ध खोबरेलाचा साबण हा घरी करता येणाऱ्या साबणांतला सगळ्यांत कोरडा पाडणारा साबण असतो. कपड्यांना आणि भांड्यांना उत्तम. तो खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस देतो. ‘शंभर टक्के नारळाचा, म्हणून बाळासाठी’ असं कुणी प्रेमाने करून दिलं तर घ्या आणि लंगोट धुवायला वापरा.

मोठ्यांच्या साबणात लोक २५-३० टक्के खोबरेल घालतात. बाळासाठी १५ वर थांबावं, फार तर २०. अगदी शून्य केलं तर वडी गिळगिळीत होते आणि फेस जवळपास येतच नाही. १५ टक्क्यांत लॉरिक आणि मिरिस्टिक मिळून एकूण १० टक्क्यांच्या आसपास राहतात, तेवढं पुरतं.

व्हर्जिन, कोल्ड प्रेस्ड, लाकडी घाण्याचं की साधं? साबणापुरता फरक पडत नाही, त्यातली आम्लं तीच असतात आणि सुगंध कॉस्टिकमध्ये टिकत नाही. वाण्याकडचं खाण्याचं साधं खोबरेल घ्या आणि महागडं तेल आंघोळीनंतर बाळाच्या अंगाला लावा. फक्त जुनं, खवट वास येणारं तेल ‘साबणात खपून जाईल’ म्हणून घालू नका. खवटपणा साबणातही पुढे चालतो.

ऑलिव्ह, आणि त्याला पर्याय

सौम्य साबणाचा कणा म्हणजे ऑलिव्ह तेल, कारण त्यात ओलिक साधारण ५५ ते ८० टक्क्यांपर्यंत असतं. भूमध्य समुद्राच्या काठी शतकानुशतकं निव्वळ याच तेलाचे साबण होत आले. निव्वळ ऑलिव्हचा साबण फार सौम्य, पण त्याला मुरायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि ओला झाला की तो बुळबुळीत तार धरतो. मुंबईच्या बाथरूममध्ये, जिथे वडी क्वचितच पूर्ण सुकते, तो विरघळून जातो. म्हणून त्याला जोडीदार लागतात.

डब्यांवर एक्स्ट्रा व्हर्जिन, प्युअर, एक्स्ट्रा लाइट, पोमेस असे शब्द असतात. एक्स्ट्रा व्हर्जिन साबणात घालू नका, ते कोशिंबिरीवर घाला. प्युअर किंवा एक्स्ट्रा लाइट उत्तम. पोमेस स्वस्त असतं आणि चालतं, मात्र ते मिश्रण लवकर घट्ट करतं, नवख्या हाताला घाई होते. लेबलावर ‘ब्लेंडेड’ असेल तर डबा परत ठेवा: त्यात दुसरं तेल किती हे कळल्याशिवाय हिशेब बसत नाही.

ऑलिव्ह परवडत नसेल तर अर्ध्या ऑलिव्हच्या जागी राइस ब्रान घेता येईल. ओलिक त्यातही चांगलं असतं, पण लिनोलिकही ३० टक्क्यांच्या पुढे असल्याने साबण लवकर संपवावा लागतो. हाय ओलिक सूर्यफूल मिळालं तर ते राइस ब्रानपेक्षा बरं. साधं सूर्यफूल आणि आपलं करडईचं तेल मात्र नको. करडईत लिनोलिक ७० टक्क्यांच्या वर असतं. जेवणात ते गुणाचं, साबणात पावसाळा संपायच्या आत नारिंगी डाग पडायला कारण.

बदाम तेल गुणाने ऑलिव्हसारखंच आहे, ओलिकने भरलेलं. किंमत मात्र कितीतरी जास्त. ऑलिव्ह असताना ते घालायचं कारण मला दिसत नाही. घालायचंच असेल तर एक सावधगिरी फार महत्त्वाची: ‘बदाम’ नाव असलेली डोक्याला लावायची अनेक तेलं मुळात खनिज तेलाची असतात, बदाम नावापुरता. बाटलीच्या मागे ‘लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ लिहिलं असेल तर त्याचा साबण होतच नाही. ते कॉस्टिकशी जुळत नाही आणि तेवढं कॉस्टिक वडीत मोकळं राहतं. बाळाच्या साबणात याहून धोक्याची चूक नाही. केसांच्या तेलाला आणि ‘फक्त दिव्यासाठी’ लिहिलेल्या तेलाला या कामात हात लावू नका.

कोकमतेल: आपल्या मातीतलं बटर

परदेशी कृती शिया बटर आणि कोको बटर मागतात. दोन्ही चांगली. कोको बटर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं, शिया ऑनलाइन. पण आपल्याकडे कोकमतेल असताना मी आधी तेच सुचवेन. कोकणातल्या घरांत पायांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना हेच लावत आले. गावाकडे त्याला भिरंडेलही म्हणतात. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला मेद गोळा करायचा आणि त्याचे गोळे वळायचे, ही जुनी पद्धत अजून चालते.

साबणाच्या दृष्टीने त्याचं मोठेपण असं: स्टिअरिक ५५ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेलं बहुतेक सगळं ओलिक. म्हणजे वडीला कडकपणा येतो, पण लॉरिकचा ओरखडा नाही. लिनोलिक नगण्य, त्यामुळे ते लवकर खवटत नाही. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मुंबईच्या मे महिन्यातही घट्ट राहतं. दादर-गिरगावात कोकणातला माल विकणाऱ्या दुकानांत आमसुलं, आगळ यांच्या शेजारी विचारा.

गावठी गोळा थोडा तपकिरी असतो, त्याला धुराचा वास असतो, कधी आत पाण्याचा अंश आणि बियांचा चुरा असतो. तो मंद आचेवर वितळवा, पाणी उडून तडतड थांबेपर्यंत ठेवा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि मगच वजन करा. गाळायच्या आधी केलेलं वजन खोटं असतं. शुद्ध केलेलं पांढरं कोकम बटर मिळालं तर हा खटाटोप वाचतो.

प्रमाण २० टक्के. त्याहून जास्त घेतलं तर वडी ठिसूळ होते, फेस दबतो, आणि घोटताना मिश्रण थंड पडलं तर कोकम गोठून साबण झाल्याचा आभास होतो.

आंब्याच्या कोयीचं बटरही चालेल, पण शुद्ध माल ओळखणं नवख्याला अवघड जातं.

एरंडेल, पाच टक्के

मेडिकलमध्ये मिळतं ते चालेल, वासाचं केलेलं नको. यात रिसिनोलिक ८५-९० टक्के असतं. थोडंसं एरंडेल कमी खोबरेलाच्या साबणाला मऊ, टिकणारा फेस देतं. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की वडी चिकट होते. एवढंच.

ही तेलं बाळाच्या साबणात नकोत

शेंगदाणा तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण ते आपल्या घरात असतंच. लाकडी घाण्याचं, न गाळलेलं तेल चवीला सुरेख, पण त्यात दाण्यातली प्रथिनं शिल्लक असतात. इसब असलेल्या, फुटलेल्या त्वचेतून दाण्याचं प्रथिन शरीरात गेलं तर पुढे दाण्याची ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकात आता चांगलं माहीत आहे. बाळाने अजून दाणा चाखलेलासुद्धा नसतो, मग त्वचेवरून ओळख कशाला? हाच विचार घाण्याच्या तीळ तेलाला आणि बदाम तेलाला लागू करा.

मोहरीचं तेल झोंबतं. कडुनिंबाचं तेल तर अजिबात नको: ते तान्ह्या मुलांच्या पोटात गेल्यास विषारी ठरतं आणि बाळ हात तोंडात घालणारच. करंजाचंही नको.

तुपाबद्दल हमखास विचारणा होते. साजूक तुपात ब्युटिरिक नावाचं छोटं आम्ल असतं, ते साबणातून उग्र आंबूस वास देतं. तूप वरणभातावर शोभतं. पामोलिन आणि वनस्पती तूप स्वस्त पडतात, पण वनस्पती तुपाची घडण कंपनीगणिक बदलते, म्हणून पहिल्या साबणाला टाळा. जनावरांच्या चरबीचा साबणही सौम्य होतो. तो आपल्या बहुतेक घरांत चालणार नाही आणि त्याची गरजही नाही. मुंबईत गोदरेजने १९१८ च्या सुमाराला चरबी न वापरता, वनस्पती तेलांचा अंगाचा साबण बाजारात आणला होता. शंभर वर्षांपासून हे शहर या कामात मुरलेलं आहे.

अत्तर, रंग, इसेन्शियल ऑइल काहीही नको. निलगिरी, पुदिना, कापूर हे तर लहान मुलांच्या श्वासाला घातक ठरू शकतात. बाळाला स्वतःचा वास असतो, तो तसाच राहू द्या.

प्रमाण आणि हिशेब

पहिल्यांदा ५०० ग्रॅम तेलांचा घाट घाला, त्याहून मोठा नको. ऑलिव्ह ३०० ग्रॅम, कोकमतेल १०० ग्रॅम, खोबरेल ७५ ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम.

सगळं ग्रॅममध्ये, वजनकाट्यावर. लिटर आणि वाट्या विसरा: एक लिटर तेल साधारण ९१०-९२० ग्रॅम भरतं, म्हणजे मापानेच चूक होते. एका ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा हवा.

आता कॉस्टिक. प्रत्येक तेलाला ते वेगवेगळं लागतं. एक ग्रॅम ऑलिव्हला सुमारे ०.१३५ ग्रॅम, कोकमतेलाला तेवढंच, खोबरेलाला ०.१८३, एरंडेलाला ०.१२८. गुणून बेरीज केली की ४०.५, १३.५, १३.७ आणि ३.२, मिळून जवळपास ७१ ग्रॅम. एवढं घातलं तर सगळ्या तेलाचा साबण होईल आणि चुकीला जागा उरणार नाही. म्हणून मुद्दाम कमी घालायचं, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच राहतं. साबण करणारे याला सुपरफॅट म्हणतात. बाळासाठी ८ टक्के ठेवा: कॉस्टिक ६५ ग्रॅम, पाणी त्याच्या दुप्पट, १३० ग्रॅम. १५ टक्के सुपरफॅट म्हणजे दुप्पट सौम्य असं नसतं, ती वडी मऊ राहते आणि मोकळं तेल मुंबईच्या दमटपणात खवटतं.

एकही तेल बदललंत, किंवा वजन पाच-दहा ग्रॅमने सरकलं, तर हिशेब पुन्हा करा. ऑनलाइन लाय कॅल्क्युलेटर (लाय म्हणजे कॉस्टिक) फुकट मिळतात. त्यात तेलांची नावं आणि वजनं भरून उत्तर माझ्या आकड्याशी ताडून बघा. एखाद-दोन ग्रॅमचा फरक दिसेल, कारण तेलाचे आकडे जागोजागी थोडे वेगळे धरतात. शंका आली तर कमी कॉस्टिकच्या बाजूला राहा.

कॉस्टिक सोडा: इथे घाई नाही

खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा सोडाही नव्हे. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तुंबलेल्या नळ्या साफ करायच्या पुड्यांत इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्या घेऊ नका. प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात रसायनांची दुकानं आहेत, तिथे ९८ टक्क्यांहून शुद्ध फ्लेक्स किंवा दाणे मागा, लेबल असलेल्या बंद डब्यात. मुंबईच्या हवेत ते बघता बघता ओलावा ओढून घेतं आणि वजन चुकतं, म्हणून डबा उघडा, वजन करा, लगेच घट्ट बंद करा, कुलुपात ठेवा.

ज्या दिवशी साबण कराल त्या दिवशी बाळ आजीकडे किंवा शेजारी असावं. वन रूम किचनमध्ये ‘दुसऱ्या खोलीत’ पुरत नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या, पायात चप्पल. अंगठ्या काढून ठेवा. नळाला पाणी येण्याच्या वेळेत करा, नाहीतर भरलेली बादली आणि तांब्या हाताशी ठेवा: अंगावर उडालं तर तिथे लगेच आणि बराच वेळ नुसतं पाणी ओतत राहायचं, व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं नाही. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्याने धुवा आणि थेट दवाखान्यात.

भांडी स्टीलची किंवा जाड चांगल्या प्लॅस्टिकची. जर्मनचं पातेलं, हिंडालियमची कढई, ॲल्युमिनियमचा चमचा, काहीच नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. ही भांडी नंतर स्वयंपाकाला वापरायची नाहीत. पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं.

करायची रीत

कोकमतेल वितळवा, त्यात खोबरेल, ऑलिव्ह, एरंडेल घाला. मिश्रण ४५ ते ५० अंशांवर राहू द्या. दुसरीकडे, उघड्या खिडकीशी, पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकत ढवळा. नेहमी पाण्यात कॉस्टिक; कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून अंगावर येतं. द्रावण उकळीच्या जवळ तापेल आणि वाफ सुटेल, तोंड बाजूला ठेवा. ते पूर्ण पारदर्शक होऊन ४५ अंशांच्या आसपास उतरलं की गाळणीतून तेलात ओता.

स्टीलच्या दांड्याचा हँड ब्लेंडर काही सेकंद चालवा, थांबा, हाताने ढवळा, पुन्हा चालवा. मिश्रण पातळ कस्टर्डसारखं झालं, वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर दिसून राहिली, की ट्रेस आला. याच्या पुढे घोटू नका. सिलिकॉनच्या केकच्या साच्यात ओता, वरून झाका. एक-दोन दिवसांत घट्ट होईल. हातमोजे घालूनच वड्या कापा, कोकमामुळे फार उशीर केला तर कापताना तुकडे उडतात. साधारण शंभर ग्रॅमच्या सहा वड्या आणि थोडा चुरा निघेल.

मुरवणं, आणि मुंबईची हवा

साबण होणं दोन दिवसांत जवळपास संपतं. वडी सौम्य आणि कडक व्हायला आठवडे लागतात. मोठ्यांचा साबण चार ते सहा आठवड्यांत वापरतात, हा ऑलिव्हचा भरणा असलेला साबण मी किमान आठ आठवडे ठेवायला सांगेन, बारा झाले तर आणखी छान.

जून ते सप्टेंबर सुरुवात करू नका. दमट हवेत ग्लिसरीन पाणी ओढतं, वड्यांना घाम फुटतो, वजन उतरायचं सोडून वाढतं. दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईत साबण करायचा काळ. वड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर, बटर पेपर अंथरून, एकमेकींना न टेकवता ठेवा, लोखंडी जाळीवर नको. ऊन नको, पंखा चालेल. दर आठवड्याला एका वडीचं वजन लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की मुरली.

पाण्याचाही विचार करा. तानसा, वैतरणा, भातशाचं महापालिकेचं पाणी मऊ असतं, त्यात हा साबण नीट निघून जातो. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट चोथा होतो आणि वळ्यांत अडकून बसतो. तिथे शेवटचे दोन तांबे पिण्याच्या कोमट पाण्याचे घाला.

लावायच्या आधी

ओल्या वडीवर पीएच पट्टी लावा. ९ ते १० ठीक, ११ च्या वर गेली तर ती बाळासाठी नाही. वडीत पांढरे कडक कण, चकाकणारे खडे किंवा पाणी साचलेले खड्डे दिसले तर कॉस्टिक मोकळं राहिलेलं असू शकतं, ती तुकडी टाकून द्या. मग आठवडाभर घरातल्या मोठ्यांनी कोपराच्या आतल्या मऊ भागाला लावून बघायचं. त्यानंतर बाळाच्या पिंढरीवर छोट्या जागी, धुवून, एक दिवस वाट बघायची.

वडी थेट बाळावर घासू नका. हातात फेस करून तेवढा लावा, मळकट जागांनाच, डोळ्यांपासून लांब, आणि अर्ध्या मिनिटात धुवा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. टिपून घ्या, अंग ओलसर असतानाच तेल लावा. लाली, कोरडे पापुद्रे, पुरळ दिसलं तर साबण बंद आणि डॉक्टरांकडे.

मैत्रिणी मागतील, तेव्हा एखादी वडी भेट द्यायला हरकत नाही, सोबत तेलांची नावं लिहून द्या. विकायचं ठरवलंत तर मात्र अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बाळाचा माल परवान्याशिवाय विकू नका.

उरलेल्या वड्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि वर्षाच्या आत संपवा. नारिंगी ठिपके आले किंवा जुन्या तेलाचा खवट वास आला, तर ती वडी मोरीत कपडे धुवायला काढा.